रक्तगट शोधणारे डॉ. कार्ल लँडस्टायनर आणि तुमचं मणक्याचं ऑपरेशन

मणक्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली की तुमच्या हातात तपासण्यांचा एक कागद येतो. हिमोग्लोबिन, साखर, ईसीजी, रक्त गोठायला लागणारा वेळ अशी ती यादी असते. त्यातच रक्तगट आणि क्रॉसमॅच असं लिहिलेलं असतं, आणि बऱ्याचदा शेजारी रक्ताच्या दोन पिशव्या तयार ठेवण्याची सूचना असते. ही सूचना वाचली की घरातले घाबरतात.

मी महाड औद्योगिक वसाहतीजवळ जनरल प्रॅक्टिस करतो. मणक्याची मोठी ऑपरेशनं मुंबईला, नवी मुंबईला किंवा पुण्याला होतात, पण तो कागद घेऊन लोक आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे येतात. प्रश्न ठरलेले असतात. किती रक्त जाईल? कुणाचं रक्त चढवणार? कंपनीच्या आयडी कार्डामागे रक्तगट छापलेला आहे, मग पुन्हा तपासायचा कशाला?

या प्रश्नांची उत्तरं मी तुम्हाला एका माणसाच्या आयुष्यातून सांगणार आहे. दर वर्षी १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो. ती तारीख म्हणजे डॉ. कार्ल लँडस्टायनर यांचा वाढदिवस. माणसाचे रक्तगट असतात हे त्यांनी शोधून काढलं.

वडिलांविना वाढलेला मुलगा

लँडस्टायनर यांचा जन्म १८६८ साली ऑस्ट्रियात, व्हिएन्ना परिसरात झाला. वडील लिओपोल्ड नावाजलेले पत्रकार आणि वृत्तपत्राचे संपादक होते. कार्ल सहा वर्षांचे असताना ते गेले. आई फॅनी यांनी मुलाला एकटीने वाढवलं. आई गेल्यावर त्यांच्या चेहऱ्याचा साचा लँडस्टायनर यांनी आयुष्यभर भिंतीवर टांगून ठेवला होता.

१८९१ साली व्हिएन्ना विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. आहारामुळे रक्तातल्या क्षारांवर काय परिणाम होतो यावरचा त्यांचा लेखही त्याच वर्षी आला. पण डॉक्टर झाल्यावर दवाखाना थाटायचं सोडून ते रसायनशास्त्र शिकायला निघाले. झुरिच, वुर्झबर्ग आणि म्युनिक इथल्या मोठ्या रसायनतज्ज्ञांकडे त्यांनी पुढची वर्षं काढली. परत आल्यावर आधी आरोग्यशास्त्राच्या संस्थेत आणि १८९८ पासून विद्यापीठाच्या शवचिकित्सा विभागात ते साहाय्यक झाले. त्या विभागात दहा वर्षांत त्यांनी साडेतीन हजारांहून अधिक शवविच्छेदनं केली. रोगी का दगावला हे ते रोज पाहत होते. उरलेल्या वेळात ते रक्ताचा अभ्यास करत.

त्यांच्याआधी रक्त देणं म्हणजे जुगार होता

रक्त गेलं तर दुसऱ्याचं रक्त द्यावं, ही कल्पना जुनी आहे. १६६७ साली फ्रान्समध्ये माणसाला कोकराचं रक्त देऊन पाहिलं गेलं. पुढे एक रोगी दगावला आणि त्यावर बंदी आली. १८१८ च्या सुमारास लंडनचे डॉ. जेम्स ब्लंडेल यांनी माणसाचं रक्त माणसाला द्यायला सुरुवात केली. बाळंतपणात रक्तस्राव होऊन डोळ्यांदेखत जाणाऱ्या बायका त्यांना वाचवायच्या होत्या. काही वाचल्या. काहींना रक्त देताच थंडी वाजली, ताप भरला, पाठीत कळा आल्या, लघवी काळी झाली आणि त्या गेल्या.

कुणाला रक्त मानवेल आणि कुणाला नाही, याचं कारण कुणालाच कळत नव्हतं. त्यामुळे शस्त्रक्रियेतलं मोठं रक्त जाणं म्हणजे बहुधा मृत्यूच होता. आज मणक्यात स्क्रू आणि रॉड बसवण्याची ऑपरेशनं होतात, ती त्या काळात करणं शक्यच नव्हतं.

सहा जणांचं रक्त

दोन प्राण्यांचं रक्त एकत्र केलं की गुठळ्या होतात, हे आधीच माहीत होतं. माणसामाणसाच्या रक्तातही कधी कधी असं होतं, पण तो आजाराचा परिणाम असावा असं डॉक्टर समजत. लँडस्टायनर यांनी साधा प्रश्न विचारला: धडधाकट माणसांच्या रक्तात हे होतं का?

त्यांनी स्वतःचं आणि प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांचं रक्त घेतलं. पहिल्या तक्त्यात ते स्वतः धरून सहा जण होते. प्रत्येकाच्या रक्तातल्या लाल पेशी वेगळ्या केल्या आणि वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, वेगळं केलं. मग प्रत्येकाचं सीरम प्रत्येकाच्या पेशींवर घालून पाहिलं. स्वतःच्या सीरममध्ये कुणाच्याच पेशी चिकटल्या नाहीत. दुसऱ्याच्या सीरममध्ये मात्र काहींच्या पेशींच्या गुठळ्या झाल्या आणि काहींच्या झाल्या नाहीत. या जुळण्या आणि न जुळण्यात एक नियम होता.

१९०१ साली त्यांनी तो नियम मांडला. माणसांचे तीन गट त्यांना दिसले. त्यांना त्यांनी ए, बी आणि सी म्हटलं. यातल्या सी गटाला आज आपण ओ म्हणतो. चौथा एबी गट पुढच्या वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला.

नियम समजायला सोपा आहे. तुमच्या लाल पेशींवर ए किंवा बी अशी खूण असते, दोन्ही असतात किंवा दोन्ही नसतात. जी खूण तुमच्याकडे नाही तिच्याविरुद्धची ॲन्टिबॉडी तुमच्या रक्तात असते. ए गटाच्या माणसाच्या रक्तात बी विरुद्ध पहारेकरी असतात. त्याला बी गटाचं रक्त दिलं की ते त्या पेशींवर तुटून पडतात. पेशी फुटतात, मूत्रपिंडं बंद पडतात, रक्त गोठण्याची व्यवस्था कोलमडते. ब्लंडेल यांच्या काही रोगी का गेल्या असतील, याचं उत्तर त्या तक्त्यात होतं.

मणक्याच्या रोग्यासाठी यात एक खास गोष्ट आहे. वॉर्डात जागेपणी रक्त चढवताना चुकीचा गट लागला तर रोगी सांगू शकतो की थंडी वाजतेय, कंबर दुखतेय, जीव घाबरतोय. मणक्याच्या ऑपरेशनमध्ये तुम्ही पालथे आणि पूर्ण भुलेखाली असता, काहीच सांगू शकत नाही. म्हणून सगळी खात्री आधी, कागदावर आणि परीक्षानळीत करावी लागते.

शोध लागला, पण कुणी पाहिलं नाही

लँडस्टायनर यांचा लेख छोटा होता. रक्त देण्यातल्या गुंतागुंतीशी याचा संबंध असू शकेल, असं त्यांनी शेवटी नोंदवलं होतं. तरीही शल्यविशारदांनी बरीच वर्षं लक्ष दिलं नाही. १९०७ साली न्यूयॉर्कचे डॉ. रूबेन ओटेनबर्ग यांनी रक्त देण्याआधी दाता आणि रोगी यांचं रक्त जुळवून पाहायला सुरुवात केली. आज तुमच्या कागदावर क्रॉसमॅच लिहिलेलं असतं, ते हेच. पुढे १९१४-१५ च्या सुमारास सायट्रेट घातल्याने रक्त बाटलीत गोठत नाही हे कळलं. मग पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांसाठी रक्त साठवता येऊ लागलं. तेव्हा कुठे १९०१ च्या त्या तक्त्याची किंमत जगाला कळली.

या काळात लँडस्टायनर स्वतः काय करत होते? १९०८ मध्ये ते व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात शवचिकित्सेचे प्रमुख झाले. पोलिओ एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या सूक्ष्म विषाणूमुळे होतो, हे त्यांनी डॉ. एर्विन पॉपर यांच्याबरोबर माकडांवरच्या प्रयोगातून दाखवलं. १९११ साली प्राध्यापक ही पदवी मिळाली, पण तिला साजेसा पगार मिळाला नाही. १९१६ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, हेलेन यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढच्या वर्षी मुलगा झाला.

मग युद्ध संपलं आणि ऑस्ट्रियाची वाताहत झाली. व्हिएन्नात अन्न नव्हतं, कोळसा नव्हता आणि संशोधनाला पैसा नव्हता. पन्नाशी ओलांडलेले लँडस्टायनर बायको-मुलाला घेऊन हॉलंडमध्ये हेग शहरात गेले आणि एका लहान रुग्णालयात नोकरीला लागले. तिथे ते लघवी-रक्ताच्या रोजच्या तपासण्या करत. ज्यांच्या शोधावर जगभर माणसं वाचत होती, ते गृहस्थ अशा कामावर घर चालवत होते. तरीही रात्री-बेरात्री त्यांचे प्रयोग आणि लेख चालूच राहिले.

न्यूयॉर्क, आणि १९२७

१९२३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांना बोलावलं. तिथे त्यांना हवी तशी प्रयोगशाळा मिळाली. स्वभावाने ते अबोल. प्रसिद्धीपासून लांब राहणारे, पियानो वाजवणारे आणि डोंगरांची आवड असणारे गृहस्थ होते. १९२७ मध्ये डॉ. फिलिप लेव्हिन यांच्यासोबत त्यांनी एम, एन आणि पी या रक्तातल्या आणखी खुणा शोधल्या. रक्तातली विविधता ए-बी-ओ पुरती नाही, हे त्यातून उघड झालं.

१९२७ हे साल आपल्या महाडकरांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्याच वर्षी २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी हातात घेतलं. न्यूयॉर्क आणि महाड यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. तरीही कुणाचं रक्त चढवणार हा प्रश्न घरचे थोडं कचरत विचारतात, तेव्हा मला हे साल आठवतं. ए, बी, ओ आणि एबी हे गट प्रत्येक जातीत, प्रत्येक धर्मात आणि प्रत्येक वाडीवर आहेत. सख्ख्या भावाचं रक्त तुम्हाला जुळणार नाही आणि ज्याचं नावही माहीत नाही अशा माणसाचं जुळेल, असं सहज होतं. रक्तपेढीच्या पिशवीवर गट, क्रमांक, तारीख आणि तपासण्या लिहिलेल्या असतात. दात्याची जात आणि नाव नसतं, आणि ते तुम्हाला हवं असण्याचं काही कारणही नाही.

१९३० साली रक्तगटांच्या शोधासाठी लँडस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळालं. तक्ता छापल्याला तेव्हा २९ वर्षं झाली होती. १९४० मध्ये डॉ. अलेक्झांडर वीनर यांच्यासह त्यांनी आर-एच घटक जाहीर केला. तुमच्या कार्डावर ओ किंवा बीच्या पुढे पॉझिटिव्ह अथवा निगेटिव्ह लिहिलेलं असतं, ते याच शोधामुळे.

अधिकृत निवृत्तीनंतरही ते प्रयोगशाळेत येतच राहिले. शेवटच्या काळात पत्नीला थायरॉइडचा कर्करोग झाला होता आणि ते त्या आजाराच्या अभ्यासाला लागले होते. २४ जून १९४३ रोजी प्रयोगशाळेत काम करताना, पिपेट हातात असताना, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. दोन दिवसांनी, २६ जूनला, ते गेले. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी हेलेनही गेल्या.

परळच्या केईएममधला पुढचा अध्याय

लँडस्टायनर यांच्या कामात मुंबईने जी भर घातली ती तुमच्या-माझ्या जवळची आहे. १९५२ साली परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांना तीन माणसांचं रक्त विचित्र वागताना दिसलं. नेहमीच्या तपासणीत ते ओ गटाचं वाटत होतं. पण ओ गटाच्या दात्यांचं रक्तही त्याला जुळत नव्हतं. लंडनच्या तज्ज्ञांबरोबर त्यांनी हे लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. जगभरात हा गट बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणून ओळखला जातो.

ए आणि बी या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात त्याला एच म्हणतात. ओ गटाच्या माणसाकडे ए आणि बी नसतात, पण एच असतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे एचसुद्धा नसतो, आणि त्याच्या रक्तात एच विरुद्ध ॲन्टिबॉडी असते. त्यामुळे त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचंच रक्त चालतं. भारतात साधारण दहा हजारांत एक माणूस असा असतो असं मानलं जातं. कोकणात आणि घाटावर असे लोक आढळले आहेत. आईवडील दोघांकडून हा गुण आला तरच तो दिसतो. म्हणून एका भावंडात सापडला तर बाकीच्यांचीही तपासणी करावी.

आता आयडी कार्डाच्या प्रश्नाचं उत्तर देतो. कार्डावरचा ओ पॉझिटिव्ह बहुतेक वेळा बरोबर असतो. पण शिबिरात बोट टोचून काचेवर केलेली झटपट तपासणी फक्त पेशी पाहते. रक्तपेढी पेशी आणि सीरम दोन्ही पाहते आणि शेवटी प्रत्यक्ष दिल्या जाणाऱ्या पिशवीशी तुमचं रक्त जुळवते. बॉम्बे गट तिथेच उघडा पडतो. ऑपरेशनच्या चार आठवडे आधी हे कळलं तर दाते शोधता येतात. ऑपरेशनच्या आदल्या रात्री कळलं तर ऑपरेशन पुढे ढकलावं लागतं. आणि रक्त वाहत असताना कळलं तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

मणक्यात रक्त का जातं, आणि ते कसं वाचवतात

लँडस्टायनर यांच्यामुळे दुसऱ्याचं रक्त घेणं सुरक्षित झालं. तरीही सगळ्यात चांगलं रक्त म्हणजे तुमचं स्वतःचं, जे शरीराबाहेर गेलंच नाही. दुसऱ्याच्या रक्ताने ताप, ॲलर्जी, फुप्फुसांचा त्रास असे धोके थोडे का होईना राहतात. त्यामुळे आजचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ आधी रक्त वाचवायचं पाहतात आणि नंतर चढवायचं.

६० किलोच्या माणसाच्या शरीरात सुमारे ४ लिटर रक्त असतं. एका ठिकाणची सरकलेली गादी काढण्याच्या ऑपरेशनमध्ये सहसा कपभराहूनही कमी रक्त जातं आणि बहुतेकांना रक्त लागत नाही. अनेक मणके जोडणं, पाठीचा बाक सरळ करणं, मणक्यातली गाठ काढणं किंवा मोडलेला मणका बसवणं यात लिटरभर किंवा त्याहून जास्तही जाऊ शकतं. मणक्याचं हाड आतून स्पंजासारखं असतं आणि त्यातून रक्त पाझरत राहतं. मज्जारज्जूभोवती पातळ नसांचं जाळं असतं. पोट दाबलं गेलं की पोटातलं रक्त या नसांत येतं आणि त्या फुगतात.

म्हणून तुम्हाला पालथं झोपवताना छाती आणि कंबर उशांवर टेकवतात आणि पोट मोकळं लोंबकळत ठेवतात. चिरा देण्याआधी बरेच डॉक्टर ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे औषध शिरेतून देतात. झालेली गुठळी लवकर विरघळू नये म्हणून ते असतं. पूर्वी पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल किंवा फिट येत असतील तर हे औषध द्यायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, म्हणून ते आधी सांगा. रक्तदाब आटोक्यात ठेवतात, पण फार खाली आणत नाहीत, कारण मज्जारज्जूला रक्त पोहोचायलाच हवं. शरीर गरम ठेवतात, कारण थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही. लहान नसा विजेच्या उपकरणाने बंद करतात आणि हाडाला मेणासारखा पदार्थ लावतात. मोठ्या रुग्णालयांत सेल सेव्हर नावाचं यंत्र असतं. सांडलेलं रक्त ते गोळा करतं, धुतं आणि तुमचंच रक्त तुम्हाला परत देतं. जंतुसंसर्ग किंवा कर्करोग असेल तर ते सहसा वापरत नाहीत. फार मोठं ऑपरेशन कधी कधी दोन टप्प्यांत करतात. डॉक्टरांनी तसं सुचवलं तर त्यांना जमत नाही असा अर्थ काढू नका.

तुमच्या हातात काय आहे

तारीख ठरल्याबरोबर, शक्यतो चार ते सहा आठवडे आधी, एवढं करा:

- हिमोग्लोबिन तपासा. आपल्याकडे शेतावर राबणाऱ्या कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन ९ च्या आसपास असतं आणि त्यांना ते माहीतही नसतं. कमी असेल तर कारण शोधून लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह देता येतं. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबू पाण्यासोबत घ्या. एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण १ ग्रॅमने वाढतं. तेवढं ते औषधाने वाढलं तर कदाचित ती पिशवी लागणारच नाही.
- ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन अशी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सर्जनना दाखवा. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर अचानक बंद केल्याने झटका येऊ शकतो. कधी थांबवायची हे सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतील. दुखण्यासाठी घेत असलेल्या गोळ्या आणि काढे-चूर्णंही सांगा.
- दात काढल्यावर, बाळंतपणात किंवा लहानशा जखमेत कधी जास्त रक्त गेलं असेल, किंवा घरात कुणाला असा आजार असेल, तर तेही सांगा.
- रक्तगट ऑपरेशनच्याच रुग्णालयाच्या रक्तपेढीत तपासून घ्या. पूर्वी रक्त चढलं असेल किंवा बाळंतपणं झाली असतील तर आवर्जून सांगा. अशा वेळी रक्तात जास्तीच्या ॲन्टिबॉडी तयार झालेल्या असू शकतात.
- बॉम्बे गट निघाला तर घाबरू नका. रक्तपेढी अशा दात्यांची यादी ठेवते. परळला केईएमच्या आवारात या विषयाची राष्ट्रीय संस्थाही आहे. काही वेळा तुमचंच रक्त ऑपरेशनआधी काढून साठवता येतं. त्यानंतर हा गट लिहिलेलं कार्ड कायम खिशात ठेवा.
- रक्त विकणाऱ्या माणसाच्या नादी लागू नका. भारतात पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८ पासून बंदी आहे. रक्तपेढी तुमच्याकडून तपासणीचा आणि साठवणुकीचा खर्च घेते.

पावसाळ्यात वरंधा घाट बंद असतो आणि हायवेही तुंबतो. अशा वेळी महाड-पोलादपूरहून रक्तदाते घेऊन ऐन वेळी पुण्या-मुंबईला पोहोचता येईल, असं धरून चालू नका. रक्ताची सोय त्याच शहरात आधी करा.

उंचावरून पडून किंवा रस्त्यावरच्या अपघातात मणका मोडला तर हे आठवडे मिळत नाहीत. तिथेही रुग्णालय तुमचा गट नव्याने तपासतं. त्या काही मिनिटांसाठी डॉक्टरांशी वाद घालू नका.

ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत पाय आधीपेक्षा जास्त कमजोर वाटले, पाठीतली कळ अचानक खूप वाढली, लघवी अडली किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला तर लगेच नर्सना सांगा, रात्र असली तरी. आत साठलेलं रक्त मज्जारज्जूवर दाब देत असू शकतं, आणि तेव्हा तासांचा हिशेब असतो. घरी आल्यावर असं झालं तर सकाळची वाट न पाहता ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करा आणि निघा.

लँडस्टायनर यांचं काम सगळं जुळवून पाहण्याचं होतं: एकाचं सीरम, दुसऱ्याच्या पेशी, आणि काय होतं त्याची नोंद. तुमच्या रक्ताचा नमुना रक्तपेढीत जातो तेव्हा तिथला तंत्रज्ञ आजही तेच करतो. त्याला त्यासाठी वेळ मिळेल एवढं आधी तो नमुना पाठवा. आणि तुमच्या ऑपरेशनला रक्त लागलंच नाही, तर तयार ठेवलेली पिशवी दुसऱ्या कुणाच्या तरी कामी येईल.